पाठवणीचं गाणं

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात एका लग्नाला गेलो होतो. दिवसभर डीजे दणाणत होता. पाठवणीला मात्र कुणीतरी तो थांबवून पी. सावळाराम यांचं, सासरी निघालेल्या लेकीचं ते जुनं गाणं लावलं. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. तोवर आचाऱ्यावर खेकसत फिरणारे वधूपिता मांडवाचा खांब धरून ढसाढसा रडले.

अशा गाण्यांना 'रडकी' म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ (तरुणपणी मीही त्यांतलाच!). तबकडीच्या जेमतेम तीन मिनिटांत बसवलेली ही भावगीतं भाबडी आहेतच. पण आपल्याकडे बापाला चारचौघांत रडायची मुभा दुसरं कोण देतं?

गाणं संपलं. लेकीने पदराने वडिलांचे डोळे पुसले. डीजेवाला मान खाली घालून वायरी गुंडाळू लागला.