फुकटचं तिकीट

अमेरिकेतल्या आपल्या मुलाबाळांच्या बोलण्यात "पॉइंट्स" हा शब्द आता चांगलाच रुळलाय. कुणाच्या आईबाबांचं मुंबई-नेवार्क तिकीट पॉइंट्सवर निघालं, कुणी पॉइंट्सवर हवाई बेटं बघून आलं. वाक्याचा शेवट मात्र ठरलेला, "मावशी, अगदी फुकटात पडलं!"

माझी तक्रार त्या तिकिटाबद्दल नाही, "फुकट" या शब्दाबद्दल आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. तिथल्या बँका नवीन क्रेडिट कार्ड घेणाऱ्याला बोनस देतात. अट अशी, की पहिल्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च त्या कार्डावर झाला पाहिजे. तो झाला की पन्नास-साठ हजार पॉइंट्स खात्यात जमा! ते विमानकंपनीच्या माइल्समध्ये बदलायचे आणि तिकीट काढायचं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली माइल्सची योजना काढली तेव्हा ते विमानात बसणाऱ्याला मिळायचे. आता किराणा आणून आणि पेट्रोल भरूनही मिळतात.

याची ओढ किती असते बघा. चेस बँकेने ऑगस्ट २०१६ मध्ये सफायर रिझर्व्ह नावाचं कार्ड काढलं. वर्षाची फी ४५० डॉलर, पण तीन महिन्यांत ४००० डॉलर खर्च केले की एक लाख पॉइंट्स. त्या पॉइंट्समधून बँकेच्या मार्फत १५०० डॉलरचा प्रवास करता यायचा. लोकांची अशी झुंबड उडाली की जानेवारी २०१७ मध्ये बँकेने बोनस निम्म्यावर आणला.

त्याहून मजेदार गोष्ट नाण्यांची. एक डॉलरची नाणी लोकांच्या वापरात यावीत म्हणून अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने २००८ साली ती घरपोच विकायला सुरुवात केली, टपालखर्चही न घेता. पॉइंट्सवाल्यांनी काय करावं? कार्डावर हजारो नाणी मागवली, खोकी तशीच बँकेत नेऊन भरली आणि त्याच पैशातून कार्डाचं बिल चुकतं केलं. माइल्स तेवढे खिशात राहिले. शेवटी जुलै २०११ मध्ये टांकसाळीने कार्डावर नाणी विकणं बंद केलं. हुशारी म्हणायची तर आहेच. पण नाण्यांची ने-आण करण्याचा खर्च कुणीतरी केलाच ना? तो सरकारने केला.

पॉइंट्सचंही असंच आहे. कार्डावर शंभर डॉलरची खरेदी झाली की दुकानदाराच्या हातात साधारण अठ्ठ्याण्णव पडतात. मधल्या दोनातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, आणि पॉइंट्सचा खर्च बराचसा त्यातून निघतो. दुकानदार हे पैसे पदरचे थोडेच घालणार? तो ते किमतीत मिसळतो. आता ज्याच्याकडे असं कार्ड नाही, जो आठवड्याच्या मजुरीतून रोख पैसे देऊन दूध-ब्रेड घेतो, तोही तीच किंमत मोजतो. त्याला पॉइंट मात्र एकही मिळत नाही.

हा नुसता माझा तर्क नाही. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० साली याचा हिशेब मांडला होता. वर्षाला २०,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळकतीचं घर या व्यवहारात सरासरी २१ डॉलर गमावतं, आणि दीड लाख किंवा त्याहून जास्त मिळकतीचं घर ७५० डॉलर कमावतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकडे त्या वेळचे आहेत, पण पैसा कुठून कुठे वाहतो ते त्यातून कळतं.

पैसे भरणारा दुसरा माणूस म्हणजे ज्याचं बिल वेळेवर फिटत नाही तो. याचं गणित मांडून दाखवते, शाळेची सवय सुटत नाही. समजा बोनसची किंमत ७५० डॉलर, कार्डाची फी ९५ डॉलर आणि अट ४००० डॉलर खर्चाची. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाचा कार्डावरचा खर्च महिना ८०० डॉलर असेल, तर तीन महिन्यांत २४०० होतात. उरलेले १६०० कुठून आणायचे? मग नवा फोन येतो, सोफा येतो. बिल पूर्ण भरता आलं नाही, ३००० डॉलर वर्षभर थकले, तर २४ टक्क्यांनी व्याज ७२० डॉलर. साडेसातशेतून ९५ आणि ७२० वजा करा. मुलगा ६५ डॉलरने खड्ड्यात, शिवाय सोफा घरात! आपल्याकडे तर थकलेल्या कार्डावर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला बेचाळीस.

यावर आमच्या भाच्याचं म्हणणं असं, की "मावशी, मी बिल दर महिन्याला पूर्ण भरतो. मी कार्ड नाही घेतलं म्हणून त्या मजुराचं दूध स्वस्त होणार आहे का?" होणार नाही. हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. एकट्यादुकट्याच्या संन्यासाने हे बदलत नाही, त्याला कायदाच लागतो. युरोपीय संघाने २०१५ साली कायदा करून दुकानदाराकडून कार्डाच्या बँकेला जाणाऱ्या या वाट्यावर ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. बँकांकडे वाटायला पैसाच उरला नाही, त्यामुळे तिथे असले घसघशीत बोनस दिसत नाहीत. आपल्याकडे भाजीवाला बँकखात्यातून यूपीआयने पैसे घेतो त्यावर जानेवारी २०२० पासून त्याला काही कापलं जात नाही. अमेरिकेत क्रेडिट कार्डांवर अशी मर्यादा नाही.

आणि पॉइंट्समुळे काही चांगलंही घडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. नातवंडाच्या जन्माला आजी पोचते. डिसेंबरातलं महागडं तिकीट ज्यांना कधीच झेपलं नसतं असे आईबाबा लेकीकडे जाऊन येतात. अशा तिकिटावर जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण मग आपल्या हातात काय राहतं? मला वाटतं, निदान बोलणं तरी आपल्या हातात आहे. लग्नाकार्यात, फोनवर, नव्याने तिकडे गेलेल्या पोरांसमोर आपण या गोष्टीचा अर्धाच भाग सांगतो, तिकिटाचा. फीचा, व्याजाचा, आणि ज्याच्या खिशातून हे जातं त्याचा भाग गाळतो. ऐकणारा पंचविशीचा मुलगा शिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेऊन बसलेला असतो. त्याला वाटतं, सगळे कमावतायत, आपणच मागे राहिलो. मग तो तिसरं, चौथं कार्ड उघडतो.

म्हणून आपल्या सगळ्या भाचे-पुतण्यांना माझं सांगणं एवढंच आहे. एक कार्ड ठेवा, ठरलेला घरखर्च त्यावर करा, महिनाअखेर पै न पै भरा. त्यातून जे पॉइंट्स मिळतील ते खुशाल घ्या. बोनससाठी म्हणून खर्च वाढवू नका. कोपऱ्यावरचा छोटा दुकानदार "रोख असेल तर बरं" म्हणाला तर कुरकुर न करता रोख द्या, त्याचे ते दोन डॉलर वाचतील. आणि आईबाबांना तिकीट पाठवाल तेव्हा "फुकटात पडलं" म्हणू नका. "तुमच्यासाठी काढलं" म्हणा. त्यांनाही ते ऐकायला जास्त आवडेल.