रात्रीची वीज, उसातली दारं आणि घोणस

बारामती आणि इंदापूरच्या बागायती पट्ट्यात शेतकऱ्याचा दिवस दोन वेळापत्रकांवर ठरतो. एक कालव्याच्या आवर्तनाचे, दुसरे महावितरणच्या फीडरचे. शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला कर्ता माणूस किंवा त्याचा मुलगा जेवण उरकून, बॅटरी आणि खोरे घेऊन उसात दारं धरायला जातो. पायात बहुधा स्लीपर असते आणि चिखलात रुतते म्हणून कित्येकदा तीही बांधावर काढून ठेवलेली असते. सरीत घोटाभर पाणी, खाली पाचट, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि बॅटरीचा हातभर उजेड. घोणशीवर पाय पडतो तो अशा ठिकाणी.

गावाकडे ‘साप चावला’ असे म्हणायचे टाळतात. ‘पान लागलं’ म्हणतात. रात्री सापाचे नावही घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. या शब्दांमागची भीती खोटी नाही. ‘मिलियन डेथ स्टडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले सुमारे ९४ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि ७७ टक्के रुग्णालयाबाहेर झालेले होते. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. रुग्णालयांतून सरकारकडे पोहोचणारा आकडा याच्या तुलनेत अगदीच लहान असतो, कारण जो माणूस रुग्णालयात पोहोचलाच नाही त्याची नोंद तिथे होणार कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे हे त्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने सर्व राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. खासगी दवाखान्यातला रुग्णही त्यामुळे मोजला जाणे अपेक्षित आहे. आराखडा चांगला आहे. पण त्यातला बराच भाग साप चावल्यानंतर काय करायचे याबद्दल आहे. माणूस मध्यरात्री उसात का उभा होता, या प्रश्नाचे उत्तर आरोग्य खात्याच्या हातात नाही.

घोणस आणि मण्यार

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. ऊसपट्ट्यात सर्वांत जास्त धास्ती घ्यावी अशी घोणस. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके आणि डिवचल्यावर कुकरच्या शिटीसारखा फुत्कार. अजगराचे पिल्लू समजून तिला हात लावणारेही कमी नाहीत. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते, एका वेळी वीस-तीस किंवा त्याहून जास्त. उसात उंदीर मुबलक, पाचटाखाली गारवा आणि लपायला जागा, शिवाय आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. सापाच्या दृष्टीने ती वसाहतच असते.

घोणशीचे विष रक्त गोठण्याची यंत्रणा मोडून काढते. रक्त गोठवणारे घटक शरीरातच संपून जातात आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. पाय सुजतो. एक-दोन दिवसांत लघवी कमी होते, कारण मूत्रपिंडाला इजा झालेली असते. उपचाराला उशीर झालेला रुग्ण वाचला तरी त्याला काही दिवस, कधी काही आठवडे, डायलिसिसवर राहावे लागते.

मण्यारीची तऱ्हा वेगळी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास मंदावतो. गाळप हंगामात बीड, अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या आसपास कोपीत राहतात आणि भुईवर झोपतात. त्यांच्यासाठी मण्यार हा घोणशीइतकाच मोठा धोका आहे. पहाटे पोट दुखणाऱ्या, डोळे न उघडणाऱ्या मुलाला ‘पित्त झाले’ म्हणून तासभर झोपवून ठेवले तर तो तास परत मिळत नाही.

पहिला डोस कुठे मिळतो?

यावर औषध एकच: प्रतिसर्पविष. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढून ते बनवतात. आपल्याकडचे प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप कोणता हे ओळखण्यासाठी त्याला मारून पिशवीतून आणण्याची काहीही गरज नसते. रुग्णाची लक्षणे आणि एक साधी चाचणी पुरेशी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले आहे. या चाचणीला यंत्र लागत नाही आणि वीजही लागत नाही. लागते ती काचेची नळी. प्लॅस्टिकची चालत नाही.

विषबाधेची लक्षणे दिसली की साधारण आठ ते दहा कुप्यांचा पहिला डोस द्यायचा असतो. मुलांनाही तेवढाच, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. अडचण येते ती इथे. प्रतिसर्पविषाची रिअॅक्शन येऊ शकते, रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. त्यावरचे अॅड्रिनॅलिन हे इंजेक्शन स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. तरीही एकट्या डॉक्टरला रात्री दोन वाजता ही जोखीम नको वाटते आणि ‘पुढे घेऊन जा’ असे सांगितले जाते. त्या डॉक्टरला केवळ दोष देऊन भागणार नाही. त्याला प्रशिक्षण हवे, फोनवर सल्ला देणारा तज्ज्ञ हवा आणि काही बरे-वाईट झाल्यास जमावापासून संरक्षणही हवे. पण पहिला डोस न देता रुग्णाला पुढे पाठवणे म्हणजे विषाला गाडीतला सगळा वेळ मोकळा देणे.

बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे पूर्वी थेट पुण्याकडे धावणाऱ्या रुग्णाचा मोठा प्रवास वाचू शकतो. मात्र इंदापूरच्या टोकाच्या गावातून बारामतीही लांबच. म्हणून पहिला डोस जवळच्या सरकारी केंद्रात आणि व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागले तर पुढे, हीच साखळी उपयोगाची आहे.

प्रतिसर्पविषालाही मर्यादा आहेत. ते बनवण्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने दाखवले आहे. दक्षिणेतल्या सापांच्या विषावर बनलेले औषध सगळीकडे सारखेच परिणामकारक असेल असे धरून चालता येत नाही. प्रादेशिक विषसंकलनाची मागणी त्यामुळे जोर धरते आहे.

देवळात का नेतात?

पान लागलेल्या माणसाला आधी देवळात नेण्याची, कडुलिंबाचा पाला चघळायला देण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. पाला कडू लागला नाही तर विष चढले, असे समजतात. याला फक्त अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मांत्रिकाचा अनुभव खरोखरच ‘यशाचा’ असतो, कारण चावणारे बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो. अशी माणसे काहीही केले तरी बरी होणार असतात. श्रेय मात्र अंगाऱ्याला जाते. देवळात जाऊ नका, असे सांगून कुणी ऐकत नाही. ‘आधी दवाखाना, मग देव’ हे ऐकतात आणि ते पुजाऱ्याने सांगितले तर जास्त ऐकतात.

शिराळ्याच्या नागपंचमीवर राज्यात दरवर्षी चर्चा होते. जिवंत नागांच्या पूजेवर न्यायालयाने आणलेले निर्बंध, २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायला दिलेली परवानगी, यांवर रकाने भरले. त्याच श्रावणात उसात दंश झालेल्यांची बातमी मात्र आतल्या पानावर दोन ओळींत संपते.

उपग्रहाला दिसते ते फीडरला दिसत नाही

बारामतीचे नाव सध्या वेगळ्याच कारणाने जगभर गेले आहे. अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी जानेवारी २०२५ मध्ये त्याचा जाहीर उल्लेख केला. उपग्रहाची चित्रे आणि जमिनीतले सेन्सर सांगतात की पिकाला पाणी कधी आणि किती हवे. प्रयोग मोलाचा आहे, पाणी आणि खत वाचवणारा आहे. पण मोबाइलवर ‘आज पाणी द्या’ असा संदेश दुपारी आला आणि फीडरची पाळी रात्रीची असली, तर शेतकरी जाणार रात्रीच.

दिवसा विजेची मागणी जुनी आहे. २०२२ च्या सुरुवातीला राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर याच मागणीसाठी दीर्घ ठिय्या दिला होता. राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची, अशी ही कल्पना. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिलही माफ झाले. निवडणुकीत बोलबाला झाला तो बिलमाफीचा. जिवाच्या दृष्टीने पाहिले तर बिल किती आले यापेक्षा वीज किती वाजता आली, हे जास्त महत्त्वाचे आहे.

वैयक्तिक सौरपंपाचा पर्यायही आहे. तो दिवसाच चालतो, त्यामुळे रात्रीची खेप आपोआप सुटते. मात्र इंदापूरमध्ये उजनीच्या फुगवट्यातून काही किलोमीटर पाइपलाइन टाकून पाणी उचलणाऱ्यांना मोठ्या मोटारी लागतात. त्यांचा प्रश्न छोट्या सौरपंपाने सुटत नाही. त्यांच्यासाठी फीडरच दिवसाचा झाला पाहिजे. नीरा डाव्या कालव्याखालच्या शेतकऱ्याचे दुखणे आणखी वेगळे: आवर्तन रात्रंदिवस चालते आणि पाण्याची पाळी मध्यरात्री आली तर ती सोडता येत नाही. तिथे पाळ्यांची आखणी आणि ठिबक हेच उपाय. दिवसा वीज मिळाली म्हणून साप नाहीसे होणार नाहीत. खुरपणीत, तोडणीत, पाचट गोळा करताना दिवसाही दंश होतात. पण उजेडात साप दिसतो, सोबत माणसे असतात आणि गाडी लवकर मिळते.

रुग्णालयांनी एक सोपी गोष्ट करता येईल. सर्पदंशाच्या केसपेपरवर दंशाची वेळ लिहिली जाते. त्या वेळी माणूस काय करत होता, हे बहुधा नातेवाइकांच्या बोलण्यातच राहते. ‘रात्री पिकाला पाणी देताना’ एवढे शब्द आणि गावाचे नाव प्रत्येक कागदावर आले, तर एका पावसाळ्यात कोणते फीडर आधी दिवसाचे करायचे याची यादी तयार होईल. नोंद सक्तीची करण्याचा उपयोग निव्वळ आकडा वाढवण्यापुरता राहू नये. ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बैठकीत महावितरणच्या अभियंत्यासमोर ठेवली गेली, तरच तिचा उपयोग.

शेजारच्या नेपाळने याहून स्वस्त उपाय करून दाखवला. तराईतल्या दमक भागात गावोगावी मोटारसायकलवाले स्वयंसेवक ठरवले गेले. साप चावला की रुग्णाला मध्ये बसवून, मागे एकाने धरून, थेट उपचार केंद्रात न्यायचे. लोकांना प्रथमोपचारही शिकवले. दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले. बारामती-इंदापुरात मोटारसायकल नाही असे घर शोधावे लागेल. ठरवून ठेवायचे आहे ते इतकेच की रात्री कुणी निघायचे आणि कोणत्या केंद्रात प्रतिसर्पविष आहे.

तोवर रात्री दारं धरायला जाणाऱ्याने गमबूट घालावेत, हातात काठी आणि चांगली बॅटरी ठेवावी, एकट्याने जाऊ नये. भुईवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. दंश झालाच तर हात-पाय फळीला किंवा काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, जोडवी, कडे काढावे. वेळ लक्षात ठेवावी. दोरीने आवळू नये, ब्लेड मारू नये, विष तोंडाने ओढू नये. रुग्णाला चालवू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी दारात उभी असेल तर तिची वाट न पाहता निघावे.

शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. पण एका माणसाच्या डायलिसिसचा, महिनाभर बुडालेल्या कामाचा आणि त्याच्या मागे राहिलेल्या घराचा हिशेब मांडला, तर गावाचा फीडर दिवसाचा करणे त्याहून स्वस्त पडेल.