चोरून नको, सांगून जा

गेल्या हिवाळ्यात मुळशीला फ्यूजन संगीताच्या एका कार्यक्रमाला आम्ही सहकुटुंब गेलो. सहकुटुंब म्हणजे अम्मी सोडून. त्यांनी येणार नाही असं सांगितलं आणि आम्ही निघताना तसबीह हातातून खाली ठेवली नाही.

कारणही तसंच होतं. आमचा धाकटा चौदा वर्षांचा. वर्षभर तो मित्राच्या घरी तबला शिकतोय, हे आम्हाला ईदनंतर कळलं. ट्यूशनला जातो असं सांगून जायचा. वाईट तबल्याचं वाटलं की खोटेपणाचं, हे तेव्हा आम्हालाच नीट सांगता आलं नसतं. अम्मींच्या मनात मात्र काही गोंधळ नव्हता. "गाणंबजावणं आपल्या घरात नको," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही ठरवलं, की हो किंवा नाही म्हणण्याआधी पोरगं ज्याच्यामागे लागलंय ते एकदा समोर बसून ऐकावं.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड करत आम्ही धरणाच्या बाजूला पोहोचलो. याच धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, ते मुलांना वाटेत सांगितलं. मंचावर वाद्यं जुळवणं चालू होतं तोच मगरिबची वेळ झाली. सूर्य ताम्हिणीच्या बाजूच्या डोंगरांमागे गेला होता. किब्ला कुणाला विचारावा लागला नाही. गाड्यांच्या पलीकडे गवतावर जानमाज अंथरली. धाकट्याने न सांगता बाटलीच्या पाण्याने वजू केला आणि शेजारी येऊन उभा राहिला.

कार्यक्रम सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटं आम्हाला नुसता दणदणाट ऐकू आला. तबला, घटम, व्हायोलिन, बास गिटार आणि ड्रम. मग गिटार थांबली. घटमवाला तोंडाने ताल बोलू लागला. दक्षिणेत याला कोन्नक्कोल म्हणतात. तबलजीने त्याला आपल्या बोलांत उत्तर दिलं. धाकटा बोटांवर मोजत होता. "अब्बा, तीनतालाच्या सोळा मात्रा. ड्रमवाला त्याच सोळा चार-चारच्या चार घरांत मोजतो. आता तिहाई बघा. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा गप्प, पुन्हा पाच, एक गप्प, पुन्हा पाच. झाले सतरा. म्हणजे सोळा संपून बरोबर समेवर." आणि खरंच पाचही जण एकाच ठोक्यावर येऊन थांबले. गणितात काठावर पास होणारा आमचा मुलगा हे सांगत होता.

फ्यूजन म्हणजे खिचडी, असा आमचा समज होता. तिथे तसं दिसलं नाही. घटमवाल्याने आपली भाषा सोडली नाही, तबलजीनेही नाही. प्रत्येक जण आपल्या वाटेने गेला आणि समेवर सगळे भेटले. उस्ताद झाकिर हुसेन, इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांनी १९७० च्या दशकात 'शक्ती' या गटातून हेच केलं. त्याच 'शक्ती'ला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्या रात्री झाकिरभाईंच्या वाट्याला एकूण तीन ग्रॅमी आले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्यांचा इंतकाल झाला. आपलं लहानपण ते स्वतः सांगत: भल्या पहाटे वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्यासोबत रियाज, मग मदरसा, मग माहीमची सेंट मायकेल शाळा.

आणि हे काही आज सुरू झालेलं नाही. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारी जात, कर्नाटक संगीत ऐकत आणि त्यातली सरगम त्यांनी आपल्या ख्यालात आणली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून महोत्सव होतो. खाँसाहेबांची कबर मिरजेत, ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात आहे. त्याच मिरजेत आपल्याच समाजातली घराणी पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे बनवतात. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. 'आपल्यात कुणी वाजवत नाही' असं म्हणताना आम्हाला हे आठवत नव्हतं.

तरीही अम्मींचा आक्षेप हलका नाही. वाद्यांबद्दल उलेमांमध्ये एकमत नाही आणि अनेकांनी ती नाजायज ठरवली आहेत. दुसऱ्या बाजूला इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअची चर्चा करताना, ऐकणाऱ्याच्या दिलात ते काय जागवतं यावर भर दिला. चिश्ती बुजुर्गांनी समाअ जपला. ईदच्या दिवशी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी मुली गात असताना हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हटकलं, तेव्हा त्यांना गाऊ द्या, असं हुजूर (स.) यांनी फर्मावलं, ही हदीस बुखारीत आहे. मनाई करणारे तिचा अर्थ ईदपुरता घेतात. हा वाद मिटवण्याची आमची ऐपत नाही. ज्या घरांत वेगळा निर्णय झाला असेल, त्यांचाही आम्ही आदर करतो.

घरी पोहोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. अम्मी जाग्या होत्या. त्यांनी नातवाला एकच विचारलं, "इशा?"

"पिरंगुटला गाडी थांबवून पढलो, दादी."

त्या उठल्या आणि सालन गरम करायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यापाशी बसलो, ऐकलेलं सगळं सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला पटलेलं नाही. पण पोराला घरात खोटं बोलावं लागत असेल, तर त्यात आपलाही गुन्हा आहे. फजर चुकायची नाही, कुरआनचा सबक आधी. आणि जायचं ते सांगून."

आता तो दर रविवारी सांगून जातो. तबला अजून घरात आलेला नाही. अम्मींनी तेवढी परवानगी दिलेली नाही आणि आम्हीही मागितलेली नाही. दस्तरखानावर बसला की त्याची बोटं थाळीच्या कडेवर चालू असतात. अम्मी ऐकून घेतात. अजान सुरू झाली की फक्त त्याच्याकडे बघतात आणि बोटं थांबतात.