सीमेवरच्या विकासात गावकऱ्यांचा वाटा किती?

सीमाभाग अविकसित राहिला तरच तो अधिक सुरक्षित, असे धोरण स्वतंत्र भारताने अनेक वर्षे बाळगले, अशी कबुली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये संसदेत दिली होती. रस्ता बांधला तर शत्रूच त्या रस्त्याने आत येईल, ही १९६२च्या पराभवानंतरची धास्ती त्यामागे होती. आता चित्र पूर्णपणे पालटले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने चीनलगतच्या गावांसाठी ४,८०० कोटी रुपयांचा ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम मंजूर केला. पहिल्या टप्प्यात ६६३ गावे निवडण्यात आली. यापैकी २,५०० कोटी रुपये केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवण्यात आले, यावरूनच विकासाचा कल स्पष्ट व्हावा.

विकास हवा, याबाबत दुमत नाही. तो कशासाठी, येथे मात्र वाटा फुटतात. लष्कराला अवजड सामग्री सीमेपर्यंत नेता येतील असे रुंद रस्ते हवेत. चारधाम मार्गाच्या खटल्यात संरक्षण मंत्रालयाने हाच मुद्दा मांडला आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. हिमालयाचे डोंगर ठिसूळ आहेत, रुंदीकरणासाठी ते कापले तर दरडी कोसळणार, हा पर्यावरणतज्ज्ञांचा आक्षेप मागे पडला. वस्तुतः दरडीने बंद पडलेला रस्ता लष्कराच्याही उपयोगाचा नसतो! त्यानंतर २०२३च्या वनसंवर्धन दुरुस्ती कायद्याने सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यातील सामरिक रस्त्यांसारख्या प्रकल्पांना वनमंजुरीतून सूट दिली. या पट्ट्यात ईशान्येकडील राज्यांचा फार मोठा भूभाग येतो. मिझोराम विधानसभेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या दुरुस्तीला विरोध करणारा ठराव केला.

गृहखात्याची भूमिका याहून निराळी आहे. गावे ओस पडू नयेत, कारण सीमेवरचा रहिवासी हाच देशाचे डोळे आणि कान, असे हे खाते मानते. ते खरेच आहे. पण त्या रहिवाशाचे म्हणणे काय? उत्तरकाशी जिल्ह्यातील नेलांग आणि जादुंग ही गावे १९६२च्या युद्धाच्या वेळी रिकामी करण्यात आली. तिबेटशी चालणारा व्यापार बुडाला, गावाभोवतीचा परिसर पुढे गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात गेला. आता जादुंगमध्ये पर्यटकांसाठी घरे उभारली जात आहेत. मूळ जाड भोटिया कुटुंबांचा प्रश्न मात्र आधी जमिनीचा आहे.

पूर्व लडाखमध्ये तर विसंगती अधिकच ठळक आहे. तेथील चांगपा मेंढपाळांची हिवाळी कुरणे हीच भारताच्या ताब्याची खूण. जानेवारी २०२४ मध्ये या मेंढपाळांनी चिनी सैनिकांना सामोरे जाऊन आपला चराईचा हक्क बजावला. परंतु २०२० नंतरच्या सैन्यमाघारीत जी मोकळी क्षेत्रे ठरली, त्यांत काही कुरणेही अडकली. पश्मिना देणारी शेळी चाऱ्यावाचून जगत नाही, आणि शेळी गेली की मेंढपाळ लेहच्या वाटेला लागतो.

एप्रिल २०२५ मध्ये या कार्यक्रमाचा दुसरा टप्पा मंजूर झाला. इतर देशांलगतच्या गावांसाठी त्यात ६,८३९ कोटी रुपये आहेत आणि मुदत २०२८-२९ पर्यंतची आहे. कुरण आणि जमीन यांच्या हक्काची मागणी कोणत्या खात्याने सोडवायची, हा प्रश्न दोन्ही टप्प्यांच्या बाहेरच राहिला आहे.