चुकलं तर मागे कसं यायचं?

ब्लाउज शिवताना आपण आधी कच्चा दोरा घालतो. बिघडलं तर उसवता यावं म्हणून. विणताना टाका निसटला, तर सुई मागे नेऊन तो उचलतो. 'तुला विणकाम जमायचं नाही' असं त्यावरून कुणी म्हणत नाही. मग कॉम्प्युटरवर चुकीचं बटण दाबलं गेलं की आपल्याच छातीत धस्स का व्हावं?

मी बायका-मुलींना कॉम्प्युटर शिकवते. "मॅडम, माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं!" हे वाक्य रोज ऐकते. माउसवर चालणाऱ्या रंगीत प्रोग्राममध्ये निदान चित्रं बघून अंदाज तरी बांधता येतो. पण नुसत्या अक्षरांवर आणि बटणांवर चालणारा काळा पडदा मोठा मुका! काही दुकानांत, पतसंस्थांत असे जुने प्रोग्राम अजून दिसतात. बीसीएस, इंजिनीअरिंगच्या मुलींना लिनक्सच्या प्रॅक्टिकलला हाच पडदा भेटतो.

एक उदाहरण बघा. वर्डमध्ये कंट्रोल आणि एस दाबलं की फाइल सेव्ह होते. बोटांना तीच सवय लागते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तेच दाबलं, तर बहुतेक वेळा पडदा गोठतो. कितीही टाइप करा, काही उमटतच नाही. मुलगी घाबरून मशीनच बंद करते आणि तासाभराचं काम पाण्यात जातं. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. टेलिप्रिंटरच्या जमान्यातली 'जरा थांब' म्हणायची ती खूण आजवर टिकून राहिली, इतकंच. कंट्रोल आणि क्यू दाबलं की सगळं पुन्हा चालू! पण हे पडदा सांगत नाही.

यात फक्त आपणच अडकतो असंही नाही. 'व्हिम' नावाच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर 2017 पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला होता. रोज प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ही गत! मग नवख्या बाईला हसायचं कशाला?

माझं म्हणणं साधं आहे. चुकीचं बटण दाबलं जाणारच. परतीची वाट दाखवणं हे प्रोग्राम करणाऱ्याचं काम आहे. 1976 साली आयबीएमच्या लान्स मिलर आणि जॉन थॉमस यांनी निदान शेवटची आज्ञा तरी मागे घेता यावी, असं सुचवलं होतं. 'नॅनो' हा एडिटर बाहेर पडायचं बटणसुद्धा पडद्याच्या तळाशी लिहून ठेवतो. आता व्हिममध्येही गोंधळून कंट्रोल आणि सी दाबलं, तर बाहेर पडायला काय टाइप करायचं ते खाली दिसतं. एवढीशी ओळ, पण केवढा धीर देते!

नुसतं 'खात्री आहे का?' असं विचारून भागत नाही. दिवसातून पन्नास वेळा तोच प्रश्न आला, की न वाचताच 'हो' दाबलं जातं. चूक कळते ती त्यानंतर. म्हणून मागे फिरायची सोय हवीच. कुणी म्हणेल, पैशांच्या हिशेबात असं मागे फिरणं बरं नव्हे. बरोबर! पण तिथेही उलट नोंद करून चूक दुरुस्त करता येते, आणि आधीची नोंदही कायम राहते. ती कशी करायची, हे तरी पडद्यावर दिसावं ना?

भीतीपोटी कितीतरी जणी "मला नाही जमत" म्हणून उठून जातात. सोबत हातातली नोकरी जाते, शिकायची उमेद जाते. म्हणून क्लासवाल्यांना सांगणं आहे, पहिल्या दिवशी टायपिंगच्या आधी एस्केप आणि कंट्रोल-झेड शिकवा. काळ्या पडद्यावर कंट्रोल-झेडचा अर्थ वेगळा असू शकतो, हेही तिथेच सांगा.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या दुकानात, संस्थेत नवा प्रोग्राम दाखवायला कुणी आलं, तर किंमत विचारायच्या आधी एवढंच विचारा, "चुकलं तर मागे कसं यायचं?" उत्तर देताना तो अडखळला, तर घाईने सही करू नका.