बॉनचा अर्ज

गेल्या पंधरवड्यात पाथरीतील आमच्या वस्तीतले एक हमालबंधू आपल्या मुलीला घेऊन घरी आले. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय गणित. तिला युरोपात एम.एस्सी. करायची आहे. एका मध्यस्थाने नुसता अर्ज भरून देण्याचे चाळीस हजार सांगितलेले. वडील म्हणाले, "भाऊ, घरामागचा प्लॉट विकावा म्हणतो." आम्ही म्हणालो, "प्लॉट राहू द्या. आधी बसा, चहा घ्या."

परदेशी विद्यापीठाचा अर्ज आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, हे आपल्या लेकरांनाही पाठ आहे. परंतु पुढे लंडनला शिकत असताना 1921 साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव दाखल केले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यासाठी आपली माहिती त्यांनी स्वतःच्या हाताने, जर्मन भाषेत लिहून दिली. तो कागद त्या विद्यापीठाने जपून ठेवला आहे. बॉनचे शिक्षण पुरे झाले नाही, लंडनची डी.एस्सी. 1923 साली मिळाली. पण अर्ज कसा करावा याचा धडा त्या एका कागदात आहे.

तेच बॉन आज गणिताचे मोठे केंद्र आहे. तेथील प्राध्यापक पीटर शोल्झे यांना 2018 साली गणितातले फील्ड्स पदक मिळाले. तेथील गणिताची एम.एस्सी. इंग्रजीतून शिकवतात.

आता पैशाचे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना ती पडते, म्हणून आधी विचारून घ्यावे. खरी अडचण व्हिसाची. एका वर्षाच्या खर्चापोटी 11,904 युरो, म्हणजे दहा-बारा लाखांच्या घरातली रक्कम, खात्यात दाखवावी लागते. हा आकडा 2024 सालचा; तो वाढत असतो. मात्र पुरेशा शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर तेच चालते. म्हणून प्लॉटआधी शिष्यवृत्ती.

राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठीच आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. 1990 साली कायदा बदलला आणि बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. तो हक्क वापरायचा तर केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेळेत काढून ठेवावा. दोन्हींकडे उत्पन्नाची, गुणांची व विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते. अटी बदलतात. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

अर्जाला काय लागते? सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, आणि हा विषय का शिकायचा याचे एक पत्र. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या व्हिसासाठी ए.पी.एस. हे पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ लागतो. बीजगणित, विश्लेषण यांत नेमके काय शिकलो, हे परदेशी विद्यापीठे बारकाईने पाहतात. तेव्हा नांदेड विद्यापीठाचा अभ्यासक्रम इंग्रजीत, कॉलेजच्या शिक्क्यासह जवळ ठेवावा. सत्र ऑक्टोबरात सुरू होते, पण अर्जाची मुदत अनेक ठिकाणी आपला शेवटचा निकाल लागण्याआधीच संपते. निकालाची वाट पाहत बसलो तर वर्ष गेलेच समजा.

मुलगी सारे वहीत उतरवून घेत होती. शेवटी हळूच म्हणाली, "काका, ते पत्र माझ्याच्याने इंग्रजीत होईल का?" आम्ही म्हणालो, "पोरी, आधी मराठीत लिही. गणित तुला का आवडते ते खरे लिही. इंग्रजी आपण बसून करू." या रविवारी विहारातील वंदनेनंतर आम्ही त्याच कामाला बसणार आहोत. आणखी कोणाची मुलेमुली असतील तर त्यांनीही गुणपत्रिका घेऊन यावे. फी नाही, फॉर्म नाही.

प्रवेश मिळेलच, असे वचन आम्ही देत नाही. पण आमच्या लेकरांचे नाव अर्ज न केल्यामुळे राहू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जयभीम.