नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

यंदाच्या खरीफमध्ये सलालाहला जाऊन आलेल्या तीन कुटुंबांनी मला जवळजवळ सारखाच फोटो पाठवला. हिरव्यागार पानावर मसुराच्या दाण्याएवढा, निळसर चकाकणारा भुंगेरा. एका आजोबांनी खाली लिहिलं होतं, "गूगलवर सापडत नाही, म्हणजे नवीनच असणार. नातीचं नाव देता येईल का?"

आजोबा, देता येईल. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आड येत नाहीत. नातीचं नाव मीरा असेल, तर लॅटिन व्याकरणाप्रमाणे ते 'मीराए' होईल, इतकंच. पण बारशाआधी या बाळाला कुणी आधीच नाव दिलेलं नाही ना, हे बघायला हवं. खरं काम तेच आहे.

दिसायला हा पानभुंगेऱ्यांच्या कुळातला वाटतो. काकडी-भोपळ्याच्या वेलाच्या पानांची चाळण करणारे तांबडे भुंगेरे याच कुळातले. गाजरगवताच्या बंदोबस्तासाठी १९८३ साली बेंगळुरूला आणलेले मेक्सिकन भुंगेरेही यातलेच. या कुळातल्या ३५ हजारांहून अधिक प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत. एवढ्या गर्दीत नुसत्या फोटोवरून, नुसत्या रंगावरून ओळख पटत नाही.

लहानपणी काडेपेटीत सोनकिडा पाळलेल्यांना हे लगेच कळेल. कासवासारखी पाठ असलेला तो किडा जिवंत असताना अस्सल सोन्याचा दिसतो आणि मेला की मातकट होतो. कारण ते सोनं रंगाचं नसतंच. पाठीच्या कवचात पातळ, ओलसर थर असतात, त्यांवरून उजेड परततो तेव्हा सोनं दिसतं. ओल गेली की सोनं गेलं. संग्रहालयातल्या टाचणीवर उरतो तो तपकिरी किडा. शिवाय काही गावांत सोनकिडा म्हणतात तो हा, तर काही गावांत दुसऱ्याच कुळातला लांबट हिरवा भुंगा. नाव एक, जीव दोन!

म्हणून नव्या प्रजातीचं वर्णन करणारा माणूस रंगावर थांबत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो मिशांचे सांधे मोजतो, पाठीवरचे बारीक खळगे आणि पायांची ठेवण पाहतो. नराचं जननेंद्रिय अलगद काढून त्याचं चित्र काढतो, कारण बाहेरून जुळे वाटणारे भुंगेरे पुष्कळदा तिथेच वेगळे ठरतात. मग जवळच्या सगळ्या प्रजातींची जुनी वर्णनं वाचायची. अरबस्तानच्या पानभुंगेऱ्यांवर रशियाच्या लेव मेदवेदेव यांनी १९९६ साली लिहिलेला निबंध आहे, तिथून सुरुवात करता येते. शेवटी एक नमुना निवडून संग्रहालयात ठेवायचा. त्याला म्हणतात होलोटाइप, त्या नावाचा कायमचा साक्षीदार. पुढे वाद झाला तर त्याच्याकडे जायचं.

साक्षीदार किती कामाचा असतो, हे ओमानमध्ये एका घुबडाने दाखवून दिलं. २०१३ साली हजर पर्वतात रात्री पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करताना मॅग्नस रॉब आणि त्यांच्या सोबत्यांना एका घुबडाची अनोळखी साद ऐकू आली. ध्वनिमुद्रणं आणि फोटो यांच्या आधारे त्यांनी त्याच वर्षी ती नवी प्रजाती म्हणून जाहीर केली आणि नाव दिलं 'स्ट्रिक्स ओमानेन्सिस'. ओमानच्या नावाचं घुबड!

पण इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयात एक जुना नमुना पडून होता. ओमानच्या समोरच, समुद्रापलीकडे मकरान किनाऱ्यावर ओरमारा आहे, तिथला. १८७८ साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याला 'बटलराय' हे प्रजातीनाव दिलं होतं. हो, तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकाराने १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढे वाळवंटातल्या दुसऱ्याच एका घुबडाला सगळे 'बटलराय' म्हणू लागले होते. २०१५ साली संशोधकांनी तो मूळ नमुना आणि त्याचा डीएनए तपासला, तर तो त्या वाळवंटी घुबडाशी जुळेना. मग हजर पर्वतातल्या एका घुबडाचा डीएनए तपासला, तो मात्र जुळला. म्हणजे ओमानचं घुबडच खरं 'बटलराय'. 'ओमानेन्सिस' हे नाव मागे पडलं, आणि वाळवंटी घुबडाला 'हदोरामी' असं नवं नाव मिळालं. नाव मागे पडल्याचं सांगणाऱ्यांत स्वतः रॉबही होते.

आपल्याकडे नावं ठेवणं म्हणजे खोड काढणं. विज्ञानात नाव ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाला नावं ठेवायची सोय करून देणं. माझा नमुना इथे आहे, खुणा या आहेत, पटत नसेल तर तपासा. ही सोय नसेल तर ते नाव नुसतंच टोपणनाव.

आता तुम्ही म्हणाल, एका किड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तर पानभुंगेऱ्यांतल्या कित्येक जातींचा संसार एकाच झाडावर किंवा त्याच्या भावकीतल्या झाडांवर चालतो. धोफारच्या डोंगरांवर धुक्याचं रान म्हणजे एक अरुंद पट्टा, आणि त्यावर उंट-गुरांच्या चराईचा मोठा ताण. झाड गेलं की त्यावरचा भुंगेराही जातो. ज्याला नावच नाही, तो गेल्याचं कळणार कुणाला?

म्हणून पुढच्या खरीफला किड्याला पकडू नका, त्यासाठी परवानगी लागते. फोटो जरूर काढा, पण तो ज्या पानावर बसलाय त्या झाडाचाही काढा, फुलासकट. तारीख आणि वाडीचं नाव लिहून ठेवा. पुण्याचे प्रा. हेमंत घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पुण्यातल्या कासवभुंगेऱ्यांवर निबंध लिहिला, तेव्हा भुंगेऱ्यांबरोबर त्यांची झाडंही नोंदवली. कोण कुणाच्या घरी जेवतो, ही अर्धी ओळख. मला आलेल्या तिन्ही फोटोंत भुंगेरा सुरेख आहे, पण झाड एकातही दिसत नाही.